परक्या गावचा आठवडा

'परदेशातला आमचा आठवडा' असा आजच्या भाषणाचा विषय आहे. आम्ही दोघं, म्हणजे मी आणि आमचे हे, आठ वर्षं ओमानमध्ये मस्कतला राहिलो. १९९८ साली गेलो, २००६ साली परत आलो. तेव्हा मी मस्कतबद्दल बोलेन असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे, आणि बोलणारही आहे. पण त्याला जोडून मला आणखी एका परदेशाबद्दल सांगायचं आहे. हा परदेश मुंबईपासून रेल्वेने शंभर किलोमीटरवर आहे. तिथे जायला पासपोर्ट लागत नाही, कर्जत लोकलचं तिकीट पुरतं. गेली काही वर्षं आम्ही कर्जत तालुक्यात एका ठाकुरवाडीच्या शेजारी घर बांधून राहतो आहोत. भाषा मराठी, जिल्हा रायगड, तरी तिथेही आम्ही परकेच. परकं म्हणून कसं राहावं हे मी मस्कतमध्ये थोडंफार शिकले. त्याचा उपयोग इथे कसा झाला, ते सांगावं म्हणून हे बोलणं.

आधी मस्कत. तिथला आठवडा शनिवारी सुरू व्हायचा. आई दर रविवारी डोंबिवलीहून फोन करायची आणि हमखास विचारायची, "जावई घरी असतील ना आज?" तिला मी किती वेळा सांगितलं, की इथला रविवार म्हणजे आपला मंगळवार. सरकारी कचेऱ्यांना तेव्हा गुरुवार-शुक्रवार सुट्टी असे. खासगी कंपन्यांत शुक्रवार पूर्ण आणि गुरुवार बहुधा अर्धा. आता तसं नाही. २०१३ पासून ओमानने शुक्रवार-शनिवार अशी सुट्टी केली आहे. ह्यांची नोकरी खासगी कंपनीत, हिशेब खात्यात. सकाळी आठ ते एक आणि पुन्हा संध्याकाळी चार ते सात. मधल्या तीन तासांत रस्त्यावर चिटपाखरू नसायचं, ऊनच तसं. रुवी भागातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या काचेला हात लावला तर चटका बसायचा.

मी डोंबिवलीत शाळेत शिकवत होते. ती नोकरी सोडून गेले. नवऱ्याच्या नोकरीवर मिळालेल्या कुटुंबाच्या व्हिसावर बायकोला काम करता येत नसे, त्यासाठी वेगळा परवाना लागायचा. त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे रिकामा वेळ आला, आणि तो मी मागितलेला नव्हता. आमच्या इमारतीतल्या बऱ्याच बायकांची तीच गत. मग आम्ही भिशी काढली, दुपारची पुस्तकं बदलायची सोय केली, गणपतीत एकवीसाच्या हिशेबाने मोदक वळले. शुक्रवार आला की डबे भरायचे, ठेपले, बटाट्याची भाजी, दहीभात, आणि दोन-तीन कुटुंबांनी मिळून बाहेर पडायचं. कधी कुरुमचा समुद्रकिनारा, कधी मुत्राहच्या बंदराकाठचा लांब रस्ता, तर कधी पहाटे निघून निझवाचा शेळ्या-मेंढ्यांचा बाजार. तो शुक्रवारी सकाळी भरतो. नाहीतर मग एखादी 'वादी'. डोंगरातून येणाऱ्या नदीच्या खोऱ्याला अरबीत वादी म्हणतात. बहुतेक वर्षभर कोरडं, कुठे कुठे हिरव्या पाण्याचा डोह. आमचा मुलगा तेव्हा लहान होता. तो म्हणायचा, "आपण आज वाडीला जायचं."

दिवस मजेत गेले, तक्रार नाही. पण तीन वर्षांनी मी एकदा मोजून पाहिलं, की आम्हाला नावानिशी ओळखणारी ओमानी माणसं किती? खालचा वाणी मलयाळी. समोरचे गुजराती. मुत्राहच्या बाजारात कच्छी भाटिये, त्यांच्या कित्येक पिढ्या तिथल्या. शिवमंदिरात गेलं की सगळा भारत भेटायचा. ओमानी माणूस भेटायचा तो काउंटरच्या पलीकडे. बँकेत, पोलीस कचेरीत, विमानतळावर शिक्का मारताना. सगळे सभ्य, हसतमुख. पण आम्ही त्यांच्या देशात राहत होतो म्हणण्यापेक्षा त्यांच्या देशातल्या आमच्या शुक्रवारांत राहत होतो, असं म्हटलं तर जास्त बरोबर होईल.

चौथ्या वर्षी ह्यांना कामासाठी दर पंधरा दिवसांनी निझवाकडे जावं लागू लागलं, तेही आठवड्याच्या मधल्या वारी. मुलगा शाळेत असायचा, मीही सोबत जाऊ लागले. हे कामात असले की मी खजुराच्या बागांच्या कडेने हिंडायची. तिथे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याशी ओळख झाली. त्याला मोडकंतोडकं हिंदी येत होतं, तरुणपणी मुंबईला जाऊन आलेला. त्याने मला 'फलज' दाखवला. फलज म्हणजे डोंगराच्या पोटातून किंवा झऱ्यातून उताराने आणलेला पाण्याचा पाट. ओमानात असे तीन हजारांहून जास्त पाट आजही वाहते आहेत. त्यांतल्या पाच पाटांना युनेस्कोने २००६ साली जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, निझवाचा फलज दारीस त्यांतलाच. त्या पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. दिवसा सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून वेळ मोजायची जुनी रीत. कोणाच्या बागेत किती वेळ पाणी, याचा हिशेब पिढ्यान् पिढ्या चालत आलेला. माझं लक्ष वेधलं ते आणखी एका गोष्टीने. पाट गावात शिरतो त्या पहिल्या जागी पाणी फक्त पिण्यासाठी. तिथे पाळी नाही, मालकी नाही. गावकरी, वाटसरू, परदेशी, कोणीही प्यावं. त्यानंतर मशिदीचं, अंघोळीचं आणि धुण्याचं पाणी, आणि मग बागा.

शुक्रवारी भेटला असता तर त्या म्हाताऱ्याने मला खजूर दिले असते, कडू कॉफीचा छोटा पेला दिला असता आणि आमची भेट तिथेच संपली असती. पण मधल्या वारी तो कामात होता. काम करता करता बोलत होता. मुलगा मस्कतला टॅक्सी चालवतो, बागेत यायला मागत नाही, पाटातला गाळ काढायला आता बाहेरचे मजूर आणावे लागतात, असं सगळं. ते ऐकताना मला आमच्या कोकणातला कोणताही म्हातारा बोलतोय असं वाटलं. तेव्हा मनाशी एक खूणगाठ बांधली. सुट्टीच्या दिवशी गेलो तर आपण पाहुणे. कामाच्या दिवशी गेलो तरच शेजारी होण्याची काही शक्यता.

आता ठाकुरवाडीकडे येते. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत ठाकुरवाडी या नावाची एकच वाडी नाही, कितीतरी आहेत. गावाच्या जरा वर, डोंगराच्या अंगाला, ठाकर समाजाची पंधरा-वीस किंवा पन्नास-साठ घरं, की ती झाली ठाकुरवाडी. बोरघाटाच्या रेल्वेमार्गावरसुद्धा कर्जत आणि खंडाळ्याच्या मधे ठाकुरवाडी नावाचं ठिकाण आहे. पुण्याहून येताना उतारावर गाडी थांबते, खिडकीतून झाडीशिवाय काही दिसत नाही, त्यांतलंच एक. आमची ठाकुरवाडी नेमकी कोणती ते मी सांगत नाही, वाडीतल्या लोकांना ते आवडायचं नाही.

या मुलखात परकी जोडपी येण्याची गोष्ट मात्र जुनी आहे. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौकच्या बाजूने माथेरानच्या डोंगरावर चढले आणि माथेरानचा 'शोध' लागला, असं आपण पुस्तकात वाचतो. डोंगराच्या अंगाखांद्यावर ठाकर, कातकरी, धनगर आधीपासून होतेच. साहेब आला तो उन्हाळ्याच्या विसाव्याला. मग बंगले झाले, १९०७ साली नेरळहून छोटी गाडी सुरू झाली. साहेबाच्या मडमेला वर न्यायला माणसांनी ओढायच्या रिक्षा आल्या. साहेब गेला तरी त्या राहिल्या. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा.

पण सगळे साहेब विसाव्याला आले नव्हते. बोरघाटाचा रेल्वेमार्ग बांधायचं कंत्राट घेऊन १८५९ साली सॉलोमन ट्रेडवेल आणि त्यांची पत्नी अ‍ॅलिस इथे आले. आल्यावर थोड्याच दिवसांत सॉलोमन वारले. अ‍ॅलिसबाई तेव्हा इंग्लंडला परत जाऊ शकत होत्या. त्या गेल्या नाहीत. नवऱ्याचं कंत्राट त्यांनी पुढे चालवलं, देखरेखीला जाणकार अभियंते नेमले, आणि १८६३ साली घाट सुरू झाला. २५ बोगदे, सदतीस फुटांना एक फूट असा चढ. काम जोरात असताना एका वेळी चाळीस हजारांहून जास्त मजूर घाटात होते, आणि पटकीने, तापाने, सुरुंगाने त्यांतले हजारो गेले. त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. घाटातून जाताना मला दोन्ही आठवतं, परक्या मुलखात कामाला उभी राहिलेली ती बाई आणि बोगद्याच्या तोंडाशी राहून गेलेली ती बिननावाची माणसं.

आम्ही आलो ते निवृत्तीनंतर. बारा प्लॉटांची एक छोटी वसाहत. जमीन पूर्वी खालच्या गावातल्या शेतकऱ्याची, बिगरशेती झालेली. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला घ्यायची तर सरकारी परवानगी लागते, १९७४ पासून तो कायदा आणखी कडक झाला आहे. ते सगळं तपासूनच ह्यांनी सही केली. बारांपैकी आठ घरं बांधून झाली आहेत. बाराही महिने दिवा लागतो तो फक्त दोन घरांत.

आता इथला आमचा एक आठवडा सांगते. आषाढातला, म्हणजे जुलैमधला.

सोमवार. वसाहतीत शांतता. शनिवार-रविवारच्या गाड्या गेलेल्या, ओढ्याच्या काठी प्लास्टिकच्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं. वाडीतली एक आजी दर सोमवारी गोणपाट घेऊन येते आणि बाटल्या वेचते, भंगारवाला त्या घेतो. तिचा नातू चार प्लॉटांचा राखणदार आहे. तो म्हणतो, "आजीचा पगार शहरवाले देतात, पण त्यांना म्हाईत नाय."

मंगळवार. लावणी. खाचरात गुडघाभर चिखल, पाठीवर इरलं किंवा आता प्लास्टिकचा कागद. रोपांच्या मुठी बांधून टाकलेल्या, आणि बायका ओळीने मागे मागे सरत लावत जाणार. भाताचं बियाणं बऱ्याच जणांचं कर्जतच्याच भात संशोधन केंद्राचं. 'कर्जत-३' हे नाव इथे मुलांनाही ठाऊक. मजुरीचं काम असेल तर रोज घेतात, पण वाडीतल्या वाडीत अजून सावड चालते. आज माझ्या खाचरात तुम्ही, उद्या तुमच्या खाचरात मी. दिवसभर पाण्यात राहून बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. मी पहिल्या वर्षी हळद आणि तेल घेऊन गेले. दुसऱ्या वर्षीपासून माझ्या हातीही मुठी आल्या. मला एक ओळ लावायला एवढा वेळ लागतो, की सगळ्या बायका दुसऱ्या टोकाला पोहोचून माझी वाट बघत हसत बसतात.

बुधवार. पहाटे, म्हणजे अंधारातच, रानभाज्यांच्या पाट्या घेऊन बायका कर्जत स्टेशनकडे निघतात. जूनमध्ये शेवळं, आता कंटोळी, भारंगी, टाकळा, कुर्डू. लोकलने बदलापूर, कल्याण, कोणी पार दादरपर्यंत. डोंबिवलीला असताना मी स्टेशनबाहेर टाकळ्याच्या जुडीला घासाघीस करत असे. ती जुडी कुठून निघते, किती वाजता निघते आणि डोक्यावरून किती चालत येते, ते आता मला माहीत आहे. बुधवारी दुपारी त्या परततात तेव्हा आमच्या ओट्यावर टेकतात. चहा होतो. बाजारात काय झालं, कोणत्या हवालदाराने उठवलं, कोणत्या बाईने न घासता पैसे दिले, हे सगळं कळतं. मस्कतमध्ये मी ज्याची तीन वर्षं वाट पाहिली ते हेच बोलणं.

गुरुवार. वीज नाही. ती कधी जाते आणि कधी येते, त्याचा काही नेम नाही. हे ट्रान्झिस्टर लावतात, वाडीतली दोन-चार म्हातारी मंडळी ऐकायला येतात. शेतीचं सांगत असतील तर लक्ष देतात, नाहीतर तंबाखू मळतात. खालच्या गावात भिवपुरीच्या टाटांच्या वीजघरातून निघालेलं पाणी राजनाल्यातून शेतात खेळतं, तिथे उन्हाळ्यातही भात होतो. १९२२ पासून इथे वीज तयार होते आहे, आणि वाडीतल्या म्हाताऱ्यांनी मात्र आपल्या घरात बल्ब पाहिला तो कितीतरी उशिरा. ते हे रागाने सांगत नाहीत. पाऊस पडतो, तसं सांगतात.

शुक्रवार. संध्याकाळी पाऊस जरा उघडला की पोरं आणि बापेही बत्ती घेऊन ओढ्याला खेकडे धरायला जातात. ही त्यांची मौज. पहिल्या पावसाला वलगणीचे मासे, मग खेकडे, भाद्रपदात गौरी-गणपतीचे रात्रभर नाच, आणि थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात शेंगा, मडकं पालथं घालून वर जाळ. ठाकुरवाडीला सुट्टीचा वार नाही, पण विसावा आहे. तो वाराने येत नाही, हंगामाने येतो. रविवारची सुट्टी मुंबईच्या गिरणी कामगारांनाही फुकट मिळाली नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं झगडून ती १८९० मध्ये मिळवली. शेतात आणि रानात राबणाऱ्यांसाठी तसं कोणी भांडलं नाही. त्यांचं भांडण पावसाशी, आणि पाऊस ऐकत नाही.

शनिवार आणि रविवार. गाड्या येतात. धबधबे कोसळत असतात आणि त्यांच्याखाली माणसं. बुडण्याचे, वाहून जाण्याचे प्रकार झाल्यामुळे बऱ्याच पावसाळ्यांत प्रशासनाला धबधब्यांवर बंदी घालावी लागली आहे. तरी गर्दी होते. वाडीतली पोरं गाड्या लावून देतात, वाट दाखवतात. बाया पिठलं-भाकरी करतात. पैसा येतो, त्याला नावं ठेवायची नाहीत. आमचेही भाचे-पुतणे येतात, भिजतात, भजी खातात, मला आनंद होतो. त्या दोन दिवसांत वाडी आणि पाहुणे एकमेकांना शंभर वेळा भेटतात. पण त्यांतला कोणी मंगळवारी खाचराच्या बांधावर दिसत नाही.

याच आषाढात एक तारीख येते. १९ जुलै २०२३. त्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी डोंगराखाली गेली. ती ठाकरांचीच वाडी. वर जायला रस्ता नव्हता, त्यामुळे मोठी यंत्रं पोहोचली नाहीत. माणसं चिखलातून, पावसातून चढून गेली आणि कुदळ-फावड्याने उकरत राहिली. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह सापडले होते आणि ५७ माणसं बेपत्ता होती. आश्रमशाळेत राहणारी मुलं तेवढी तिथे नव्हती म्हणून वाचली. त्यांना परत जायला घर नव्हतं.

आमच्या ओळखीतल्या कितीतरी गिर्यारोहकांनी इर्शाळगड केला होता. वाट त्या वाडीतूनच जायची. तिथे त्यांनी पाणी प्यायलं होतं, कोणाच्या तरी ओसरीवर भाकरी खाल्ली होती. बातमी आली तेव्हा त्यांतल्या एकाने आम्हाला फोन केला. तो रडत होता. म्हणाला, "मावशी, मला त्या आजीचं नाव माहीत नाही. यादीत ती आहे की नाही, ते कसं बघू?" मी त्याला काय सांगणार? त्याने आपुलकीत काही कमी केलं नव्हतं. तो गेला होता तो रविवारी, एवढंच. कोणत्या घरात त्या रात्री कोण झोपलं होतं, कोण नातेवाइकांकडे गेलं होतं, हे सांगू शकणार ते वाडीतले वाचलेले शेजारीच.

आमच्या वसाहतीत एक प्रश्न दोन वर्षं चालू आहे, त्याकडे मी या सगळ्या अनुभवातून पाहते. वाडीतून खालच्या विहिरीकडे आणि पुढे रानाकडे जाणारी पाऊलवाट आमच्या वसाहतीतून जाते. बायका पाणी, सरपण, भाज्यांच्या पाट्या घेऊन तिच्यावरून ये-जा करतात. एका बंगल्याचा पाण्याचा पंप चोरीला गेला, आणि बैठकीत ठराव आला, की फाटक बसवू, कुलूप लावू, कॅमेरे लावू. ठराव मांडणारे वाईट लोक नाहीत. त्यांतले एक गृहस्थ ऐंशीच्या घरातले, एकदा रात्री खिडकीशी कोणी उभं आहे असं वाटून त्यांचं रक्तदाब वाढला होता. त्यांची भीती खरी आहे. आयुष्यभराची पुंजी घालून बांधलेलं घर सांभाळावंसं कोणालाही वाटेल.

ह्यांनी त्या बैठकीत आधी भाषण केलं नाही. भूमी अभिलेख कार्यालयातून काढून आणलेला गावनकाशा टेबलावर पसरला. त्यात आमच्या वसाहतीचा पत्ताच नाही, कारण तो आमच्या आधीचा. पण ती पाऊलवाट आहे, तुटक रेषेने काढलेली. आपल्या भाषेत फार चांगला शब्द आहे, वहिवाट. वीस वर्षं उघडपणे, हक्काने आणि अखंड वापरलेल्या वाटेला १८८२ चा सुखाधिकाराचा कायदा हक्क मानतो. शेताकडे, पाण्याकडे जाणारी वाट कोणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. हे सगळं ह्यांनी शांतपणे सांगितलं. मग मी निझवाच्या फलजबद्दल सांगितलं. म्हटलं, तिकडे आम्ही परके होतो, कागदोपत्रीसुद्धा परके. दरवर्षी-दोन वर्षांनी आमचं राहणं नव्याने मंजूर व्हायचं. तरी पाटाच्या तोंडाशी आम्हाला पाणी प्यायला कोणाची परवानगी लागली नाही. इथे तर परके आपण आहोत, आणि कुलूप आपण लावतो आहोत.

सगळ्यांना पटलं असं झालं नाही. एक बाई म्हणाल्या, "तुम्ही इथे रोज असता म्हणून तुम्हाला भीती वाटत नाही. आम्ही पंधरा दिवसांनी येतो, आम्हाला सगळे चेहरे सारखेच दिसतात." मला वाटतं, त्या दिवशीचं सगळ्यांत खरं वाक्य तेच. चेहरे सारखे दिसतात तोवर भीती जाणार नाही, आणि कुलपानेही ती जाणार नाही. शेवटी तडजोड झाली. मोठं फाटक बसलं, गाड्यांसाठी. त्याला रात्री कुलूप लागतं. त्याच फाटकात एक दिंडी ठेवली, डोक्यावर हंडा असलेल्या बाईला न वाकता जाता येईल एवढी उंच. तिला कडी नाही. पंप कोणी नेला ते कळलं नाही. मात्र पुढच्याच पावसाळ्यात मध्यरात्री एका बंद बंगल्यात तारा जळू लागल्या, तेव्हा त्या दिंडीतून धावत आली ती वाडीतली पोरं. मालकांना सकाळी फोनवर कळलं.

तरीही प्रश्न मिटलेला नाही. दोन प्लॉट नव्याने विकले गेले आहेत. नवे मालक भले आहेत, तरुण आहेत, रविवारी येतात, आणि त्यांनी विचारलं आहे, की या दिंडीला कडी का नाही? दिवाळीनंतर पुन्हा बैठक आहे. नकाशा ह्यांनी कपाटात जपून ठेवला आहे. पण या खेपेला मी नव्या मालकांना नकाशा दाखवण्याआधी एक विनंती केली आहे. एकदा बुधवारी या. रजा काढावी लागेल, पण या. दुपारी भाजीवाल्या बायका आमच्या ओट्यावर टेकतात, तेव्हा तुम्हीही बसा, चहा घ्या. त्यांची नावं विचारा, तुमचं नाव सांगा. दिंडीचं मग ठरवू.

श्रोतेहो, तुमच्यापैकी कित्येकांची मुलं आज परदेशात आहेत, आणि कित्येकांनी कर्जत, खालापूर, मुरबाडकडे छोटंसं घर घेतलं आहे किंवा घ्यायचा विचार आहे. मुलांना फोनवर विचाराल, तेव्हा "सुट्टीत कुठे गेला होतात?" हे विचारता तसंच "मंगळवारी कोणाशी बोललात?" हेही विचारा. आणि आपल्या त्या छोट्या घरी जाल, तेव्हा हाच प्रश्न स्वतःलाही विचारा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)